कवितेतील यमक, वृत्त आणि आवृत्ती कशी तपासावी

कविता तपासायला बसलेला माणूस बहुधा सगळ्यात आधी वृत्ताचे नाव शोधतो, ते सापडले की वहीत लिहितो, शेजारी ‘यमक चांगले साधले आहे’ असे एक वाक्य जोडतो आणि काम संपले असे समजतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी चार-सहा जण कविता वाचायला जमतात. त्यांत निम्मी मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी असतात आणि त्यांची मराठी घरातली, बहुतेक आजीकडून आलेली असते. त्यांच्याबरोबर वाचताना जी पद्धत हळूहळू बसत गेली ती येथे सविस्तर मांडतो. तिचा गाभा एवढाच की, कवीला निवड करण्याची मोकळीक कुठे होती ती जागा आधी शोधायची आणि मग त्याने तिथे काय निवडले ते पाहायचे. जिथे मोकळीकच नव्हती तिथे कवीला श्रेय देण्यासारखे फार थोडे असते.

उदाहरणासाठी एखादी प्रसिद्ध कविता घेतली, तर तिच्याविषयी पूर्वी ऐकलेली मते आडवी येतात आणि स्वतःचे निरीक्षण मागे पडते. म्हणून येथे मीच जुळवलेल्या बारा ओळी घेत आहे. कविता म्हणून त्यांची योग्यता बेताची आहे. पण त्यांतली कोणती गोष्ट मुद्दाम केली आणि कोणती नाइलाजाने झाली हे मी खात्रीने सांगू शकतो. इतर कवींच्या बाबतीत ती सोय नसते.

दारावरती पणती जळते,
वाट अंगणापाशी वळते,
दिवा तेवढा जागा राही;
अजून कोणी आले नाही.

झोपाळ्याची कडी कुरकुरे,
गल्लीमधला ढोलही विरे,
रात्र उशाशी येउन पाही;
अजून कोणी आले नाही.

पहाट झाली, पणती विझली,
पायरीवरी चप्पल भिजली,
कुणी न पुसले कुणास काही;
आता कोणी जागे नाही.

आधी कान

पहिले काम म्हणजे कविता स्वतःच्या हाताने उतरवून घेणे. आखीव वहीत एक ओळ लिहून दोन ओळी रिकाम्या सोडाव्यात, डावीकडे ओळींचे क्रमांक घालावेत आणि उजवीकडे चार बोटे समास ठेवावा. मोबाइलच्या पडद्यावर पाहून तपासणी करू नये, कारण तिथे ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे तुटते आणि कवीने तोडलेली ओळ कोणती, यंत्राने तोडलेली कोणती, हे कळेनासे होते. जुन्या संग्रहातून कविता उतरवत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अशा पुस्तकांत पालुपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा न छापता त्याचे पहिले एक-दोन शब्द देऊन सोडून देतात. वहीत मात्र ते दर वेळी पूर्ण लिहावे, नाहीतर डोळा ते गाळतो आणि कवितेचा निम्मा परिणाम तपासणीतून निसटतो.

त्यानंतर मोठ्याने वाचन करावे. पहिल्यांदा अर्थ कळण्यासाठी, अगदी बातमी वाचावी तसे वाचावे. दुसऱ्यांदा मांडीवर हाताने ठेका धरून वाचावे. तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि आपण वहीवर नजर ठेवून ऐकावे. वाचणारा जिथे अडखळेल तिथे समासात बारीक फुली मारावी. त्या फुलीचा अर्थ लगेच लावायचा नसतो. ती वाचणाऱ्याची चूक असू शकते, छपाईची असू शकते, किंवा कवितेतली सर्वांत महत्त्वाची जागाही असू शकते.

वरच्या ओळी ठेका धरून म्हटल्या की ‘दारा, वरती, पणती, जळते’ असे चार सारखे तुकडे पडतात आणि भजनातला आठ मात्रांचा केरवा त्यांच्याखाली सहज बसतो. एका रविवारी आमच्यातल्या एकाने असे निरीक्षण मांडले की, ‘वाट अंगणापाशी वळते’ या ओळीत दुसरा ठोका ‘अं’ या अक्षराच्या मध्यावर पडतो, म्हणजे वाट वळते तिथेच तालही वळतो. सगळ्यांना ते फार आवडले. पुढे प्रत्येक ओळ ठोक्यावर ताडून पाहिली, तेव्हा ‘दिवा तेवढा’, ‘ढोलही विरे’ आणि ‘पायरीवरी’ या ठिकाणीही ठोका अक्षराच्या मधोमध पडतो असे आढळले, आणि तिथे तर काहीच वळत नाही. एका ओळीत सापडलेले वैशिष्ट्य उरलेल्या सगळ्या ओळींत शोधल्याशिवाय त्याला अर्थ चिकटवू नये, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

लघू आणि गुरू

कान तयार झाल्यावर पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक अक्षराखाली लघूसाठी १ व गुरूसाठी २ असा आकडा लिहावा. अ, इ, उ, ऋ हे ह्रस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दीर्घ स्वर असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. ह्रस्व अक्षरावर उच्चारित अनुस्वार किंवा पुढे विसर्ग असेल तर तेही गुरू होते. जोडाक्षराच्या आधीचे ह्रस्व अक्षर, त्यावर उच्चारात आघात पडत असेल तर, गुरू धरतात. चरणाच्या शेवटचे लघू अक्षर गरज पडल्यास गुरू मानण्याची सवलत आहे. इतके नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेले असतात, आणि तरीही मोजणी चुकते ती बहुतेक वेळा ‘आघात पडत असेल तर’ या चार शब्दांपाशी.

‘गल्ली’ म्हणताना जीभ ल् वर क्षणभर टेकते, म्हणून ‘ग’ गुरू होतो. ‘चप्पल’ म्हणताना ओठ प् वर मिटतात, म्हणून ‘च’ गुरू. ‘तुझ्या’, ‘तळ्यात’, ‘सावल्या’ हे शब्द म्हणताना असे काही होत नाही, जीभ न थांबता पुढे जाते आणि ‘तु’, ‘त’, ‘व’ ही अक्षरे लघूच राहतात. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांतल्या ह-युक्त जोडाक्षरांचेही सहसा असेच असते. जोडाक्षर दिसले की डोळे मिटून गुरू लिहिणारा विद्यार्थी संस्कृतात क्वचितच चुकेल, पण मराठीत वारंवार चुकेल. जोडाक्षराला स्वतःला मात्र जादा मात्रा मिळत नाही आणि त्याच्या आधीचे अक्षर मुळातच दीर्घ असेल तर त्याच्या तीन मात्राही होत नाहीत. ‘रात्र’ या शब्दाच्या मात्रा तीनच, ‘रा’च्या दोन आणि ‘त्र’ची एक.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा घरच्या माळ्यावर जुने मराठी संग्रह सापडतात, त्यांच्याबाबत एक वेगळी सावधगिरी लागते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ते जागोजाग आहेत. अशा पुस्तकात ‘हंसणें’ असे छापलेले असेल तर त्यातला ‘हं’ उच्चारात ‘ह’च आहे आणि तो लघू मोजायचा, तळ्यातला ‘हंस’ मात्र गुरूने सुरू होतो. उलट आज ‘कसं’, ‘घरं’ असे बोलीप्रमाणे लिहिले जाते तेव्हा तो अनुस्वार शेवटचा अ लांबवण्याची खूण असतो, म्हणून ते अक्षर गुरू धरावे.

ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न आमच्याकडे अधिक जाणवतो. गुजरातीत बोलताना इ आणि ई यांच्या लांबीतला फरक जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे गुजरातीच्या सहवासात वाढलेल्या मुलांना तो कानाने ओळखता येत नाही आणि ती लेखनावर विसंबतात. लेखनावर विसंबणे वाईट नाही, पण कवी लेखन बदलतो हे लक्षात असले पाहिजे. सातव्या ओळीत ‘येउन’ असा ह्रस्व उ आहे. प्रमाण लेखन ‘येऊन’ असे आहे, आणि ते ठेवले असते तर एक मात्रा वाढली असती. कविता टंकलिखित करताना कोणी असे शब्द ‘सुधारून’ ठेवले की वृत्त बिघडते आणि दोष कवीच्या माथी येतो. म्हणून एखादी ओळ नेमकी एका मात्रेने जास्त भरत असेल, तर आधी शुद्धलेखनाच्या दुरुस्तीचा संशय घ्यावा.

आता सातवी ओळ मोजून पाहू. ‘रात्र उशाशी’ : २, १, १, २, २, म्हणजे आठ. ‘येउन पाही’ : २, १, १, २, २, पुन्हा आठ. दोन्ही अर्धांचा क्रम अक्षरशः एकच निघतो. बाकी कोणत्याही ओळीत, शेवटची सोडली तर, असे झालेले नाही. ही नोंद समासात करून ठेवावी आणि पुढे जावे.

मोजताना एक अडचण हमखास निघते. आपण ‘करता’ हा शब्द ‘कर्‌ता’ असा बोलतो. मग ‘र’ची मात्रा मोजायची की नाही? मोजायची. वृत्तात लिहिलेला प्रत्येक अ जिवंत धरला जातो. गंमत अशी की, मात्रांच्या हिशेबात याने फरकच पडत नाही : क, र, ता यांच्या एक, एक, दोन अशा चार मात्रा, आणि ‘कर्ता’ म्हटले तर आघाताने गुरू झालेल्या ‘क’च्या दोन व ‘र्ता’च्या दोन अशा चारच. अक्षरे मोजली तर मात्र एकीकडे तीन आणि दुसरीकडे दोन होतात. मात्रावृत्तातली कविता आजच्या बोलण्याच्या चालीत वाचूनही तोल सांभाळते आणि अक्षरगणवृत्तातली कविता मात्र प्रत्येक अ नीट उच्चारून म्हणावी लागते, याचे एक मोठे कारण मला येथे दिसते.

रचना कोणत्या जातीची

प्रत्येक ओळीपुढे अक्षरांची आणि मात्रांची बेरीज लिहिली की प्रकार आपोआप कळतो. अक्षरे सारखी आणि लघू-गुरूंचा क्रमही सारखा असेल तर ते अक्षरगणवृत्त. मात्रा सारख्या पण अक्षरे कमीजास्त असतील तर मात्रावृत्त, ज्याला जाती असेही म्हणतात. अक्षरे सारखी आणि क्रम मोकळा असेल तर छंद. अभंग आणि ओवी त्यात मोडतात. आपल्या उदाहरणात पहिल्या कडव्याची अक्षरे ११, १०, ९, ९ अशी आहेत आणि मात्रा सगळीकडे १६, म्हणजे हे मात्रावृत्त झाले. आठ-आठ मात्रांच्या दोन भागांची ही सोळा मात्रांची चाल पादाकुलक या नावाने ओळखली जाते.

अक्षरगणवृत्तासाठी तीन-तीन अक्षरांचे गण पाडावे लागतात. ‘यमाताराजभानसलगं’ हे जुने सूत्र त्यासाठी पुरते : ज्या गणाचे नाव हवे त्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्यावीत, त्यांचा क्रम तोच गणाचा क्रम. य गण पाहिजे तर ‘यमाता’, म्हणजे लघू, गुरू, गुरू. ज गण पाहिजे तर ‘जभान’, म्हणजे लघू, गुरू, लघू. चार य गणांनी भुजंगप्रयात होते, आणि मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे ज्यांच्या घरी ते संध्याकाळी म्हटले जात त्यांच्या कानात ही चाल आधीच असते.

येथे कवीची मोकळीक कुठे आहे? लघू-गुरूंच्या क्रमात ती अजिबात नाही. ती शब्द कुठे संपवायचा यात आहे. ‘पुन्हा ती निघाली जुन्या त्या घराला’ ही ओळ गणांत तोडून पाहावी : पुन्हा ती, निघाली, जुन्या त्या, घराला. प्रत्येक गण शब्दाशी संपतो आणि ओळ कवायतीसारखी पावले टाकत जाते. आता ‘तळ्याच्या तिरी सावल्या लांब होती’ ही दुसरी ओळ घ्यावी : तळ्याच्या, तिरी सा, वल्या लां, ब होती. वृत्त तेच, पण पहिल्या गणानंतर प्रत्येक सीमा शब्दाच्या मधून जाते, म्हणून ओळ तुटत नाही, लांबत जाते. (‘तीरी’चे ‘तिरी’ वृत्तासाठी केले आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल.) ‘हे भुजंगप्रयात आहे’ एवढे लिहून थांबणाऱ्याला या दोन ओळींतला फरक कधीच दिसणार नाही. शार्दूलविक्रीडित किंवा मंदाक्रांता यांसारख्या लांब वृत्तांत यतीही पाहावी लागते. मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर थांबा ठरलेला असतो, तेव्हा कवीने तिथे वाक्याचाही थांबा आणला आहे की वाक्य तसेच पुढे ओढले आहे, हा प्रश्न विचारावा.

छंदात हिशेब अक्षरांचा असतो. ‘उंबऱ्याच्या आत । साठला अंधार । बंद आहे दार । कोणासाठी’ यात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे आहेत आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. हा मोठ्या अभंगाचा साचा आहे. गाताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबवले जात असल्यामुळे लघू-गुरू पाहण्यात वेळ घालवू नये. चौथा चरण आखूड आणि यमकाविना असतो. तिथे कवीने कोणता शब्द उघडा ठेवला, हे पाहण्यासारखे असते. वरच्या ओळीत तो प्रश्नच उघडा राहिला आहे.

मोजणी पूर्ण झाल्यावर मगच नावासाठी ग्रंथ उघडावा. माधव जूलियन, म्हणजे १८९४ साली बडोद्यातच जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन, यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी वृत्तांची अतिशय कसून केलेली छाननी आहे. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. दिली. त्याचा उपयोग शब्दकोशासारखा करावा, आधी नाव धरून मग मोजणी त्याला जुळवण्यासाठी करू नये. नाव आधी धरले की काय होते याचे सोपे उदाहरण मोरोपंतांच्या आर्यांचे आहे. आर्येच्या पहिल्या अर्धात १२ आणि १८, दुसऱ्या अर्धात १२ आणि १५ मात्रा असतात. मोरोपंतांच्या म्हणून ज्या आर्या आपण ओळखतो त्यांतल्या बऱ्याचशा मोजल्या तर दोन्ही अर्धांत १२ आणि १८ भरतात, म्हणजे त्या गीती आहेत. आर्या हे नाव सैलपणे दोन्हींना वापरले जाते, यात काही बिघडत नाही. पण ‘आर्या’ म्हणून मोजायला बसलेल्याला तीन मात्रा जास्त सापडतात आणि तो त्या खोडायच्या कशा या विचारात पडतो.

मुक्तच्छंदातली कविता समोर असेल तर बेरजा कुठेच जुळणार नाहीत. तिथे ओळ कुठे तोडली आणि कोणती वाक्यरचना पुन्हा आली, या दोन गोष्टींकडे सारे लक्ष द्यावे.

यमक

यमकासाठी शेवटचे अक्षर जुळणे पुरेसे नसते, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. ‘घाट’ आणि ‘वाट’ हे यमक झाले. ‘घाट’ आणि ‘पेट’ यांत फक्त ट समान आहे. गझलेच्या अभ्यासकांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही, कारण काफियात, म्हणजे गझलेतल्या यमकात, कोणता स्वर स्थिर राहतो हे पाहण्याची त्यांना सवय असते.

मराठीत आणखी एक फसवणूक आहे. क्रियापदांचे प्रत्यय सारखे असल्यामुळे ‘येते, जाते, खाते, होते’ असे शब्द ओळीच्या शेवटी रांगेने उभे करता येतात, आणि यमक साधल्याचा भास होतो. प्रत्यय झाकून उरलेला धातू जुळतो का ते पाहावे. ‘जळते’ आणि ‘वळते’ यांतला ‘ते’ काढला तरी ‘जळ’ आणि ‘वळ’ जुळतात, म्हणून हे यमक भक्कम. ‘विझली’ आणि ‘भिजली’ यांत ‘ली’ काढल्यावर ‘विझ’ आणि ‘भिज’ उरतात. स्वर तोच आहे, झ आणि ज एकाच ठिकाणाहून उच्चारले जातात, पण ते एक नव्हेत. याला मी जवळचे यमक म्हणतो. ‘कुरकुरे’ आणि ‘विरे’ यांत मात्र ‘रे’ सोडला तर आधीचे स्वर उ आणि इ असे वेगळे आहेत, म्हणून हे यमक कच्चे.

ढोल विरत जातो तेव्हा यमकही विरते, असे कोणी म्हणेल, आणि ते वाक्य निबंधात शोभूनही दिसेल. ओळी माझ्या असल्यामुळे खरे सांगतो : दुसरा शब्द सुचला नाही. यावरून असा नियम करता येणार नाही की कच्चे यमक म्हणजे नेहमी कवीची हतबलता. पण त्याच कवीच्या इतर रचनांत तो यमकाबाबत किती काटेकोर असतो हे पाहिल्याशिवाय हेतूविषयी बोलू नये. ‘कवीने मुद्दाम’ या शब्दांऐवजी ‘येथे यमक सैल होते आणि ओळ ऐकताना तशीच ओसरल्यासारखी वाटते’ असे लिहिले, तर ते विधान हेतूवर अवलंबून राहत नाही आणि खोटेही ठरत नाही.

यमकाची मांडणी समासात अक्षरांनी दाखवावी. आपल्या कवितेत प्रत्येक कडव्यात क, क, ख, ख असा क्रम आहे, आणि ‘क’ दर कडव्यात बदलतो, ‘ख’ मात्र बदलत नाही. ‘राही, पाही, काही’ हे तिन्ही शब्द एकाच ‘नाही’ची वाट पाहतात. दुसऱ्या कडव्यात ‘पाही’ ऐकू आले की पुढचा शब्द काय असणार हे ऐकणाऱ्याला कळलेले असते, म्हणजे नकार येण्याआधीच त्याची चाहूल लागते. ओळीच्या पोटातले यमकही विसरू नये. पहिल्याच ओळीत ‘वरती’ आणि ‘पणती’ एकमेकांना साद देतात.

आवृत्ती

आवृत्ती तपासण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग कंटाळवाणा आहे. दोन किंवा अधिक वेळा आलेला प्रत्येक शब्द एका रकान्यात लिहावा, पुढे ओळींचे क्रमांक घालावेत आणि रूप बदलले असेल तर तेही नोंदवावे. आपल्या बारा ओळींत ‘पणती’ पहिल्या आणि नवव्या ओळीत येते, ‘जागा’ तिसऱ्या ओळीत आणि ‘जागे’ बाराव्या ओळीत, ‘कोणी’ तीनदा, शिवाय अकराव्या ओळीत ‘कुणी’ आणि ‘कुणास’, ‘नाही’ तीनदा. अशी यादी हाती आल्यावर प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत : तो ओळीत त्याच जागी परत येतो का, आणि परत येताना त्याचा अर्थ तोच राहतो का. ‘पणती’ दोन्ही वेळा ओळीच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीला येते, एकदा ‘जळते’बरोबर आणि एकदा ‘विझली’बरोबर; जागा न बदलल्यामुळे बदललेले क्रियापद ठळक होते. ‘कोणी’चे उलट आहे. पहिल्या दोन कडव्यांत तो शब्द बाहेरून येणाऱ्या, वाट पाहिल्या जाणाऱ्या माणसासाठी आहे. शेवटच्या ओळीत तोच शब्द घरातल्या माणसांसाठी वापरला आहे.

वर्णांची आवृत्ती, म्हणजे अनुप्रास, शब्दांइतकी काटेकोरपणे मोजू नये. ‘कडी कुरकुरे’ यातला क आणि र यांचा घोळ झोपाळ्याच्या कडीचा आवाज कानाशी आणतो, आणि ज्याच्या घरी दिवाणखान्यात झोपाळा आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. पण क हे मराठीत इतक्या वेळा येणारे अक्षर आहे की कुठल्याही परिच्छेदात त्याचा अनुप्रास ‘सापडतो’; म्हणून ध्वनी जवळजवळ आलेले, आघात पडणारे आणि अर्थाशी नाते असलेले असतील तेव्हाच त्यांची दखल घ्यावी.

पालुपदाचा विचार करताना ते कोण म्हणते हे मनात आणावे. अभंगात ध्रुपद टाळकरी उचलतात. नवरात्रात बडोद्याच्या मैदानावर गरब्याची ओळ एकजण सांगतो आणि सारे रिंगण ती परत म्हणते. छापील कवितेतल्या पालुपदातही हा दुसरा आवाज कुठेतरी शिल्लक असतो. आपल्या कवितेत तो आवाज दोनदा जसाच्या तसा येतो आणि तिसऱ्यांदा बदलून येतो. बदल कुठे झाला हे पेन्सिलीने दाखवावे : ‘अजून’च्या जागी ‘आता’, ‘आले’च्या जागी ‘जागे’. मग मात्रांकडे परत जावे. ‘अजून कोणी आले नाही’ यात नऊ अक्षरे आहेत, त्यांत दोन लघू. ‘आता कोणी जागे नाही’ यात आठच अक्षरे आहेत आणि आठही गुरू; संपूर्ण कवितेत एकही लघू नसलेली ही एकमेव ओळ आहे. मात्रा तितक्याच, पण त्या भरायला सर्वांत कमी अक्षरे लागल्यामुळे ही ओळ सर्वांत संथ वाचली जाते.

लिहिताना

टिपणांचे वाक्य करताना आधी काय घडले, कोणत्या ओळीत घडले हे लिहावे आणि मगच त्याने काय साधले ते लिहावे. ‘पालुपदाचा वापर अत्यंत परिणामकारक आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेला लागू पडते, म्हणून ते या कवितेविषयी काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दोन कडव्यांत न बदललेले पालुपद तिसऱ्या कडव्यात बदलते, “अजून”मधले लघू निघून जातात आणि ओळ केवळ गुरू अक्षरांची होते. तिसऱ्या ओळीत जाग्या असलेल्या दिव्याचे विशेषण येथे माणसांना, तेही नकारात, लागते.’ येथे प्रत्येक विधान वहीतल्या कुठल्यातरी खुणेवर बोट ठेवून दाखवता येते. बाराही ओळींविषयी असे लिहिण्याची गरज नाही. जिथे निवड ठळक आहे अशा दोन-तीन जागा निवडून बाकीच्या सोडून द्याव्यात.

आपले विधान खरे आहे का हे तपासण्यासाठी शब्द बदलून पाहावेत, पण वृत्त सांभाळून. ‘अजून’ आणि ‘आता’ दोन्ही चार मात्रांचे, ‘आले’ आणि ‘जागे’ही चार मात्रांचे, म्हणजे शेवटच्या ओळीसाठी वृत्ताला चालतील अशा चार ओळी होत्या. आमच्या मंडळींतल्या एका मुलीने शेवटची ओळ घाईत ‘अजून कोणी जागे नाही’ अशी वाचली. मात्रा सोळाच भरल्या, ठेका चुकला नाही, पण घरातली माणसे थोड्या वेळाने उठतील असा अर्थ निघाला आणि ओळ हलकी झाली. ‘आता कोणी आले नाही’ म्हणून पाहिले, तर पूर्वी कोणी येत असे आणि आज मात्र आले नाही, असा वेगळाच सूर लागला, आणि पायरीवरच्या भिजलेल्या चपलेचे काय करायचे ते कळेना. मूळ पालुपद तसेच ठेवले, तर ती चप्पल सरळ खोटी पडली. चौथी ओळ तेवढी उरली. मग त्या मुलीने वहीत चारही ओळी एकाखाली एक लिहून चौथीपुढे खूण केली आणि विचारले, की कोणी जागे नाही, तर ती चप्पल पाहिली कोणी?